लाल शैवालाची ओळख : कॅपाफायकस अल्व्हारेझी

कॅपाफायकस अल्व्हारेझी हे उष्ण कटिबंधातील उथळ, स्वच्छ समुद्रात वाढणारे मांसल लाल शैवाल आहे. गुळगुळीत, बोटासारख्या गोल आणि वाकवल्या तर काडकन मोडणाऱ्या फांद्यांचा त्याचा झुपका असतो. प्रवाळखडकांच्या आसपास, ओहोटीच्या रेषेच्या थोडा खाली तो आढळतो. आग्नेय आशियाचा समुद्र हे त्याचे मूळ घर. आज फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशिया, टांझानिया या देशांत आणि भारतात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याची शेती होते. त्याच्या पेशीभित्तिकांतून कॅराजीनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ मिळतो, आणि ताजे शैवाल चिरडून काढलेला रस पिकांवर फवारला जातो. समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत असलेल्या, पावसाची कायम ओढ असणाऱ्या सांगोला तालुक्यातल्या डाळिंबबागांनाही समुद्रशैवालाचा अर्क आता नवा राहिलेला नाही.

इतक्या मोठ्या प्रमाणावर लावल्या जाणाऱ्या या जातीला स्वतःचे शास्त्रीय नाव १९८५ सालापर्यंत नव्हते. त्यानंतरही ती एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत गेली, आणि व्यापारात तर ती अजूनही भलत्याच नावाने विकली जाते. याला कारण शास्त्रज्ञांचा आळस नव्हे. लाल शैवालांचे बाह्यरूप अत्यंत फसवे असते, आणि जात ठरवणाऱ्या खुणा फांदीच्या आत, जननेंद्रियांत, पेशीभित्तिकेच्या रसायनात आणि डीएनएत दडलेल्या असतात.

लाल शैवाल म्हणजे ऱ्होडोफायटा या विभागातील वनस्पती. त्यांच्या सात हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक समुद्रात राहतात. हरितद्रव्याच्या जोडीला त्यांच्यात फायकोएरिथ्रिन हे लाल आणि फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य असते. पाण्यात खोलवर पोहोचणारा निळा-हिरवा प्रकाश फायकोएरिथ्रिन शोषून घेते. म्हणूनच खोल पाण्यातही लाल शैवाले तग धरतात.

मात्र रंगावर विसंबून ओळख पटवू लागले की पहिल्याच पायरीवर घोटाळा होतो. कॅपाफायकसचे हिरवे, तपकिरी आणि लालसर असे वाण एकाच दोरीवर शेजारी शेजारी वाढवले जातात. हिरव्या वाणात फायकोएरिथ्रिन कमी असते, एवढाच तो फरक. तो गर्द हिरवा झुपका पाहून हे लाल शैवाल आहे यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. उलट कडक उन्हात उथळ पाण्यातली अनेक लाल शैवाले पिवळट किंवा काळपट दिसतात. वाळल्यावर सगळ्यांचाच रंग उडतो.

रंगापेक्षा भरवशाच्या खुणा पेशींत सापडतात. लाल शैवालांच्या आयुष्यात कोणत्याही टप्प्यावर कशाभिका असलेली, म्हणजे पोहू शकणारी पेशी नसते. त्यांची नरपेशीदेखील पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाऊनच मादीपेशीला भेटते. त्यांचे स्टार्च हरितलवकात न साठता पेशीद्रव्यात साठते, आणि आयोडिनचा थेंब टाकला तर बटाट्यासारखे निळे-काळे न होता तांबूस-तपकिरी होते. बहुसंख्य लाल शैवालांत लगतच्या पेशींमधल्या पडद्यात एक छिद्र आणि त्यात बसवलेले बूच असते, त्याला खातबंध म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींना जोडणारा हा ठिपका दिसला की नमुना लाल शैवालाचा असल्याची खात्री पटत जाते. हा वनस्पतिगट अतिप्राचीन आहे. मध्य भारतातील चित्रकूटच्या सुमारे १६० कोटी वर्षे जुन्या खडकांत लाल शैवालांसारखी रचना असलेले जीवाश्म सापडल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्गीकरणाचा इतिहास समजला तर कॅपाफायकसच्या नावाचा गुंता उलगडायला सोपे जाते. लिनियसने १७५३ मध्ये समुद्रातल्या जाडजूड शैवालांना बहुतांशी फ्यूकस या एकाच प्रजातीत कोंबले होते. तपकिरी, लाल, चपटे, गोल सगळे त्यात आले. फ्रान्सच्या लामुरू यांनी १८१३ मध्ये रंगाचा आधार घेऊन गट पाडायला सुरुवात केली, आणि आयर्लंडच्या हार्वे यांनी १८३६ मध्ये ती पद्धत पक्की केली. रंगावर आधारलेले हे मोठे गट आश्चर्यकारकपणे टिकले, कारण रंगद्रव्ये ही खरोखरच फार जुन्या नात्यांची निशाणी आहे. पण गटाच्या आत शिरल्यावर रंग निकामी ठरतो. तिथे जर्मनीचे श्मिट्झ आणि पुढे स्वीडनचे कायलिन यांनी वेगळाच धागा धरला. फलनानंतर मादी शैवालाच्या अंगात नेमके काय घडते, हे त्यांनी पेशीगणिक पाहिले.

ते घडते असे. मादीपेशीला एक लांब केस असतो आणि वाहत आलेली नरपेशी त्याला चिकटते. फलन झाल्यावर तयार झालेले केंद्रक पुष्कळ जातींत शेजारच्या एका साहाय्यक पेशीत नेले जाते, आणि तिथून तंतू फुटून बीजुकांचा पुंजका तयार होतो. हा पुंजका मादी शैवालाच्याच अंगावर, तिच्याच पोषणावर वाढतो. बाहेरून तो फांदीवरच्या लहान गाठीसारखा दिसतो. त्याला बीजुकफल म्हणू. त्यातून सुटलेल्या बीजुकांपासून जी वनस्पती उगवते ती पुष्कळ जातींत दिसायला हुबेहूब मूळ झुपक्यासारखी असते, पण तिच्या अंगात चार-चार बीजुकांच्या चौकड्या तयार होतात, आणि त्या बीजुकांतून पुन्हा नर व मादी शैवाले जन्मतात. साहाय्यक पेशी कोणती, ती फलनाआधी तयार होते की नंतर, तंतू आत वाढतात की बाहेर, आणि चौकडीतले विभाजन आडव्या पट्ट्यांत होते, क्रुसासारखे होते की चौफलकासारखे, या बारकाव्यांवर लाल शैवालांचे गण आणि कुले उभी आहेत. कायलिनचा सर्व प्रजातींचा आढावा घेणारा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या पिढीने तोच पाया मानला.

या चौकटीत कॅपाफायकसची जागा फ्लोरिडिओफायसी वर्गात, जायगार्टिनेलीझ गणात आणि सोलिएरिएसी कुलात येते. आडव्या पट्ट्यांत विभागलेली चौकडी हे या कुलाचे एक लक्षण आहे.

प्रजातीच्या पातळीवर मात्र पुढे दीर्घकाळ गोंधळ राहिला. बर्मन यांच्या १७६८ च्या ‘फ्लोरा इंडिका’त फ्यूकस डेंटिक्युलेटस नावाचे एक काटेरी शैवाल वर्णिलेले आहे. स्वीडनच्या आगार्ड यांनी १८४७ मध्ये यूक्यूमा ही प्रजाती स्थापली आणि त्यात एका काटेरी जातीला स्पायनोसम हे नाव दिले. ती आणि बर्मनची जात एकच असल्याचे पुढे लक्षात आले. नामकरणाच्या नियमाप्रमाणे आधीचे जातिनाम टिकते, त्यामुळे १९१७ पासून तिचे रीतसर नाव यूक्यूमा डेंटिक्युलेटम झाले. दरम्यान ‘सिबोगा’ जहाजाच्या मोहिमेत सहभागी झालेल्या डच शैवालतज्ज्ञ ॲना वेबर-व्हान बोसे यांनी १९१३ मध्ये याच प्रजातीत कॉटनी ही आणखी एक जात वर्णन केली. लंडनच्या क्यू उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ कॉटन यांच्यावरून ते नाव दिले होते. कॅराजीननचा व्यापार वाढला तेव्हा खरेदीदारांनी काटेरी मालाला ‘स्पायनोसम’ आणि गुळगुळीत मालाला ‘कॉटनी’ म्हणायला सुरुवात केली. त्यातले पहिले नाव शास्त्राने बाद केलेले होते, आणि दुसरे दुसऱ्याच जातीचे होते. खऱ्या कॉटनीचा झुपका खडकाला चिकटून आडवा पसरतो. व्यापारातला ‘कॉटनी’ उभ्या, लांब फांद्यांचा असतो.

हा गुंता सोडवण्याचे श्रेय हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी यांचे. १९६० च्या दशकात कॅराजीननची मागणी वाढली आणि रानटी शैवालांची तोड बेसुमार होऊ लागली. तेव्हा दक्षिण फिलिपिन्समध्ये दोरीला तुकडे बांधून शेती करण्याचे प्रयोग डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. भरभर वाढणारा एक जोमदार वाण तिथे निवडला गेला, त्याला स्थानिक लोक ‘तांबालांग’ म्हणत. त्याच्या लागवडीने शैवालशेतीचे रूपच पालटले. हा वाण आधी वर्णिलेल्या कोणत्याच जातीत नीट बसत नाही असे डोटींच्या ध्यानात आले. मलेशियाच्या सबाह राज्यातल्या समुद्रातला नमुना मूळ नमुना म्हणून ठेवून १९८५ मध्ये त्यांनी यूक्यूमा अल्व्हारेझी ही नवी जात प्रसिद्ध केली. नाव दिले ते आपले फिलिपिनी सहकारी व्हिसेंते अल्व्हारेझ यांचे. शेतावर राबलेल्या माणसाचे नाव जातीला लाभावे, ही गोष्ट वनस्पतिशास्त्रात विरळाच.

तीन वर्षांनी, १९८८ मध्ये, डोटींनी यूक्यूमा प्रजातीच फोडली. ज्या जातींच्या भित्तिकेत कॅपा प्रकारचे कॅराजीनन मुख्य असते त्यांच्यासाठी त्यांनी कॅपाफायकस ही प्रजाती वेगळी काढली. ‘फायकस’ म्हणजे ग्रीक भाषेत शैवाल. त्या मांडणीत नामनियमांची काही पूर्तता राहून गेली होती, ती १९९६ मध्ये झाली. म्हणून आजच्या ग्रंथांत या नावापुढे डोटींबरोबर सिल्वा किंवा लियाओ ही नावे लागलेली दिसतात.

केवळ एका रसायनावरून प्रजाती वेगळी केली असती तर ती टिकली नसती. डोटींच्या बाजूने फांदीच्या आतली रचना उभी होती. ताजी फांदी नव्या ब्लेडने आडवी कापावी, पापुद्र्याएवढी पातळ चकती समुद्राच्या पाण्याच्या थेंबात ठेवावी आणि ॲनिलिन ब्ल्यूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. बाहेरच्या कडेला रंगद्रव्याने भरलेल्या बारीक पेशींचे दाट थर दिसतात. आत जाऊ तसतशा पेशी मोठ्या, गोल आणि रंगहीन होतात. कॅपाफायकसमध्ये मध्यापर्यंत हेच चित्र राहते: मोठ्या पेशी आणि त्यांच्या फटींत विखुरलेल्या लहान पेशी. यूक्यूमा डेंटिक्युलेटमच्या चकतीत मात्र बरोबर मध्यभागी बारीक तंतूंचा घट्ट गाभा दिसतो. ब्लेड बोथट असेल तर मांसल फांदी चिरडते आणि हा गाभा आहे की नाही तेच कळेनासे होते. त्यामुळे या कामात सूक्ष्मदर्शक कितीही भारी असला तरी हात साफ नसेल तर उपयोग नाही.

बाहेरच्या अंगालाही फरक आहेत, पण ते सावधपणे वापरावे लागतात. यूक्यूमा डेंटिक्युलेटमच्या फांदीवर काटे ठरावीक अंतराने, वेढ्यावेढ्याने येतात. कॅपाफायकसच्या फांद्या अनियमित फुटतात आणि काट्यांची अशी शिस्त त्यांच्यात नसते. बीजुकफले यूक्यूमात बाजूच्या लहान फांद्यांवर येतात, कॅपाफायकसमध्ये थेट मुख्य अक्षावर. ही शेवटची खूण सर्वांत भरवशाची, पण शेतातल्या मालात ती हाती लागतच नाही म्हटले तरी चालेल.

त्याचे कारण सांगोल्याच्या शेतकऱ्याला चटकन समजेल. भगव्या डाळिंबाची बाग बी पेरून करत नाहीत. गुटी कलमाने एकाच झाडाची हजारो रोपे होतात आणि ती सगळी गुणाने सारखी निघतात. कॅपाफायकसची शेतीही तशीच तुकड्यांवर चालते. झुपका मोडायचा, तुकडे दोरीला बांधायचे, दीडेक महिन्याने काढणी करायची आणि त्यातलेच काही तुकडे पुन्हा बांधायचे. पिढ्यान् पिढ्या हे चालल्यावर नर-मादी आणि बीजुकफले दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. कलमांप्रमाणेच इथेही एक धोका आहे. सगळे झुपके एकाच वंशाचे असल्याने रोग आला तर सरसकट सगळ्यांनाच गाठतो.

बीजुकफले नसतील तर भित्तिकेचे रसायन मदतीला येते. कॅपाफायकसमधले कॅपा आणि यूक्यूमा डेंटिक्युलेटममधले आयोटा ही दोन्ही कॅराजीनने गॅलॅक्टोज या साखरेच्या लांब साखळ्यांची बनलेली असतात. फरक साखळीवरच्या सल्फेटगटांच्या संख्येचा आणि जागेचा. वाळलेले शैवाल गरम पाण्यात उकळून काढलेल्या अर्कात पोटॅशियम क्लोराइड घातले आणि थंड होऊ दिले तर कॅपाचा टणक, तुकडा पडणारा गोळा बनतो. आयोटा कॅल्शियमच्या संगतीत लवचीक, मऊ जेल देते. अवरक्त वर्णपटात आयोटाची एक खास रेषा ८०५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास उमटते, शुद्ध कॅपात ती नसते. मात्र कॅपा सापडले म्हणजे कॅपाफायकसच, असे म्हणता येत नाही. कोकणच्या खडकांवर सर्रास आढळणारे हिप्निया मस्किफॉर्मिस हे अगदी वेगळ्या कुलातले शैवालही कॅपाच बनवते.

शेवटचा निवाडा डीएनएचा. लाल शैवालांसाठी सूत्रकणिकेतील कॉक्स-१ जनुक, कॉक्स-२ आणि कॉक्स-३ यांच्यामधला पट्टा आणि हरितलवकातील आरबीसीएल जनुक हे नेहमी वाचले जातात. २००६ मध्ये झुकारेलो आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या व्यापारी नमुन्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅपाफायकस आणि यूक्यूमा या खरोखरच वेगळ्या प्रजाती असल्याचे त्यातून दिसले. निरनिराळ्या देशांत शेतावर वाढणारे अल्व्हारेझीचे नमुने जवळपास एकाच वंशाचे निघाले, आफ्रिका आणि हवाईच्या नमुन्यांत मात्र वेगळेपण दिसले. रेणवीय पुराव्याने जुन्या जातींची छाननी होते, तसे शेतकऱ्यांच्या नजरेचेही कधी समर्थन होते. मलेशियातले शेतकरी ‘आरिंग-आरिंग’ नावाचा एक वाण पूर्वीपासून वेगळा ओळखत होते, अभ्यासक मात्र त्याला अल्व्हारेझीच समजत. डीएनए पाहिल्यावर ती निराळी जात ठरली आणि २०१४ मध्ये तिचे नाव कॅपाफायकस मलेसिॲनस असे ठेवले गेले.

भारतात हे शैवाल मूळचे नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात जपानमधून त्याचे थोडे साहित्य आणले, प्रयोगशाळेत सांभाळून वाढवले आणि पुढे तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर त्याच्या लागवडीचे तंत्र बसवले. २००० च्या सुमारास व्यापारी शेती सुरू झाली. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या मच्छीमार कुटुंबांतील स्त्रियांनी बांबूच्या तराफ्यांवर ती वाढवली. २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ हे शैवाल जिवंत प्रवाळांवर पसरत असल्याचा अहवाल ‘करंट सायन्स’मध्ये आला आणि वाद पेटला. हवाईच्या कानिओहे उपसागरात १९७० च्या दशकात प्रयोगासाठी नेलेली शैवाले अशीच प्रवाळांवर चढली होती. तिथे नेमक्या कोणत्या जाती पसरल्या याबद्दल बरेच दिवस गोंधळ होता. २००९ च्या डीएनए अभ्यासाने कॅपाफायकस आणि यूक्यूमा या दोन्ही प्रजाती तिथे असल्याचे दाखवले. परकी जात हटवायची असेल तर ती कोणती हे आधी ठाऊक हवे. एकीचा वाढीचा वेग आणि पसरण्याची रीत दुसरीला लागू पडेलच असे नाही. ओळख पटवण्याचे काम किचकट वाटले तरी इथे त्यावाचून पाऊल टाकता येत नाही.

सांगोल्यात हा प्रश्न बाटलीच्या लेबलवर येऊन ठेपतो. कृषी सेवा केंद्रात समुद्रशैवालाचा अर्क मागितला तर दोन अगदी भिन्न शैवालांचा माल हाती पडू शकतो. एक अस्कोफायलम नोडोसम. हे उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवरचे तपकिरी शैवाल. त्याचा अर्क बहुधा अल्कलीने विरघळवून काढतात. तो गडद, काळपट असतो आणि त्यात अल्जिनेट, मॅनिटॉल हे तपकिरी शैवालांचे खास पदार्थ येतात. दुसरा कॅपाफायकसचा रस. भावनगरच्या संस्थेने ताजे शैवाल चिरडून त्याचा रस वेगळा आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन वेगळे काढण्याची पद्धत बसवली, तिला २००५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. या रसात पोटॅशियम भरपूर असते आणि ऑक्सिन, सायटोकायनिन यांसारखी वाढीची संप्रेरके अल्प प्रमाणात आढळतात. काही उत्पादनांत लाल आणि तपकिरी दोन्ही शैवालांचे मिश्रण असते.

दोन्ही ‘सी-वीड’च, पण रचनेने, उगमाने आणि वंशाने एकमेकांपासून फार दूर. लाल आणि तपकिरी शैवालांमधले अंतर डाळिंब आणि तपकिरी शैवाल यांच्यातल्या अंतरासारखेच मोठे आहे. तपकिरी शैवाले वनस्पतींच्या मुख्य वंशवृक्षात बसतच नाहीत. लाल शैवाले मात्र हिरव्या वनस्पतींची लांबची भावकी आहेत. बहाराच्या वेळी फुलधारणेसाठी किंवा ताण सोसण्यासाठी फवारणी करणाऱ्याने लेबलवर जातीचे पूर्ण नाव पाहावे, नुसत्या ‘समुद्री अर्क’ या शब्दांवर समाधान मानू नये. २०२१ पासून जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत आणि शैवाल-अर्कांचा त्यात समावेश आहे. बाटलीतला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जात सांगता येत नाही, कारण त्यात अखंड पेशी उरलेल्या नसतात. तिथे रासायनिक तपासणी आणि उत्पादकाने दिलेले नाव एवढाच आधार. हा अर्क खत-पाण्याला किंवा तेल्या आणि मर रोगांच्या उपायांना पर्याय नाही, हेही तितकेच खरे.

किराणा दुकानातल्या वस्तूंवर याच वर्गीकरणाची जुनी छाया दिसते. सुगंधी दूध, आइस्क्रीम किंवा जेलीच्या वेष्टनावर आयएनएस ४०७ असा आकडा असतो, तो कॅराजीननचा. कमी शुद्ध केलेल्या प्रकाराला ४०७-ए हा आकडा आहे आणि त्याचे अधिकृत नाव ‘प्रक्रिया केलेले यूक्यूमा शैवाल’ असे आहे. त्यासाठी वापरला जाणारा बराचसा माल आता कॅपाफायकसमध्ये मोडतो, पण खाद्यनियमांनी जुने प्रजातिनाम सोडलेले नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लाल शैवाले ओळखण्याचा सराव करायचा तर मालवण, कुणकेश्वर, रत्नागिरी इथले खडकाळ पट्टे उत्तम. या किनाऱ्याच्या अभ्यासाचा पाया डॅनिश शैवालतज्ज्ञ ब्योर्गेसेन यांनी घातला. १९२७-२८ च्या हिवाळ्यात ते भारतात आले, आणि त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील लाल शैवालांवर त्यांची लेखमाला १९३१ ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाली. आजही कोकणातला नमुना ओळखताना त्यांची रेखाटने उघडावी लागतात.

ओहोटीला खडकावर वाकलो तर पहिल्यांदा हिप्निया दिसते. तिच्या बारीक फांद्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असतात आणि ती शेजारच्या शैवालाला गुंडाळून बसते. अकँथोफोरा स्पायसिफेरावर आखूड काट्यांचे झुबके असतात. घाईत तिला कोणी यूक्यूमा समजेल, पण तिच्या चौकड्या चौफलकी असतात आणि कुलच निराळे आहे. ग्रॅसिलॅरिया कॉर्टिकाटाच्या चपट्या, चिवट फांद्या दुभंगत जातात. तिच्या छेदात मोठ्या पेशी दिसतात, त्यामुळे कॅपाफायकसची आठवण होते. परंतु तिच्या चौकड्या क्रुसाकार असतात आणि भित्तिकेत कॅराजीनन नसून अगर असते. दोन्हींच्या साखळ्या गॅलॅक्टोजच्याच, पण अगरमध्ये त्यातील काही घटक उलट्या हाताचे असतात. डाळिंबावरच्या तेल्याचा जिवाणू प्रयोगशाळेत ज्या माध्यमावर वाढवतात त्याला घट्टपणा अगरमुळेच येतो. खाडीत खारफुटीच्या मुळांवर काळपट-जांभळी कॅलोग्लोसा आणि कॅटेनेला मिळतात.

नमुना घेताना झुपका बुडखासकट, चकतीसारख्या आधारासह सुटा करावा, समुद्राच्याच पाण्यात ठेवावा, आणि ताजा रंग, खडकाची जागा, भरती-ओहोटीची पातळी, तारीख लगेच लिहून घ्यावी. एक भाग समुद्राच्या पाण्यात केलेल्या चार टक्के फॉर्मॅलिनमध्ये छेदांसाठी, एक लहानसा भाग सिलिका जेलमध्ये डीएनएसाठी आणि उरलेला जाड कागदावर पसरून दाबून ठेवतात. कॅपाफायकससारखी मांसल शैवाले दाबल्यावर सुरकुततात आणि आकार गमावतात, त्यामुळे ताज्या अवस्थेतले छायाचित्र मोजपट्टीसह हवेच.

नावे बदलत राहतात, आणि कोकणात त्याचे ठळक उदाहरण पावसाळ्यात दिसते. लाटांचे तुषार झेलणाऱ्या खडकांवर तेव्हा एका पेशीच्या जाडीचे, पापुद्र्यासारखे तांबूस-जांभळे शैवाल उगवते आणि पाऊस सरला की नाहीसे होते. तनाका आणि फाम होआंग हो यांनी १९६२ मध्ये व्हिएतनामच्या नमुन्यांवरून त्याला पॉर्फायरा व्हिएतनामेन्सिस म्हटले. २०११ मध्ये डीएनएच्या आधारे ते पायरोपियात गेले आणि २०२० पासून फायकोकॅलिडिया या प्रजातीत धरले जाते. या गटातली शैवाले उरलेले वर्ष कुठे काढतात हे कॅथलीन ड्रू यांनी १९४९ मध्ये उलगडले. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या पॉर्फायराची बीजुके त्यांनी शिंपल्यावर वाढवली, तेव्हा शिंपल्याच्या कवचात शिरणारे सूक्ष्म गुलाबी तंतू मिळाले. ते तंतू १८९२ पासून कॉन्कोसेलिस या स्वतंत्र प्रजातीच्या नावाने ग्रंथांत नोंदलेले होते. म्हणजे एकाच वनस्पतीच्या दोन अवस्थांना दोन प्रजातींची नावे होती. त्या शोधाच्या बळावर जपानमधली नोरी या खाण्याच्या शैवालाची आधुनिक शेती उभी राहिली.

अशा बदलांमुळे जुने नमुने वाया जात नाहीत. हर्बेरियमच्या कागदावर आधीचे नाव खोडत नाहीत. नवे नाव, ते ठरवणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी शेजारी चिकटवतात, आणि पुढचा अभ्यासक त्याच वाळलेल्या फांदीचा तुकडा भिजवून पुन्हा छेद घेऊ शकतो.